स्टुडबेकर नेमकी कोणासाठी ‘मेली’? (धागा)

१/
बुडालेल्या कंपन्यांच्या बोधकथांना वाचक कधी कमी पडत नाही. कोडॅक झाली, नोकिया झाली. त्याच पंगतीत अधूनमधून स्टुडबेकर या अमेरिकी मोटार कंपनीलाही बसवले जाते. बोध ठरलेला : काळाबरोबर बदलली नाही, म्हणून मेली. दुसरी आवृत्ती सांगते की कामगार संघटनेने तिला खाल्ले. तिसरी आवृत्ती जुन्या मोटारींच्या शौकिनांची. तिच्यानुसार डेट्रॉइटच्या बलाढ्य कंपन्यांनी एका गुणी कंपनीचा बळी घेतला.

२/
तिन्ही आवृत्त्या एकमेकींशी भांडतात, पण कंपनी मेली याबद्दल त्यांच्यात एकमत आहे. आक्षेप नेमका तिथेच आहे. ९ डिसेंबर १९६३ रोजी इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील मोटार कारखाना बंद करण्याची घोषणा झाली, तेव्हा स्टुडबेकर कॉर्पोरेशन दिवाळखोरीत निघालेली नव्हती. ती त्यानंतरही जगली, नफ्यात आली आणि चांगल्या घरी पडली. कारखाना मात्र गेला आणि त्याच्याबरोबर हजारो कामगारांचे निवृत्तिवेतनही गेले. ‘मृत्यू’ हा शब्द वापरला की हा फरक पुसला जातो.

३/
गोष्ट मुळापासून पाहावी लागेल. फेब्रुवारी १८५२ मध्ये हेन्री आणि क्लेमंट स्टुडबेकर या भावांनी साउथ बेंड येथे लोहारकामाचे दुकान घातले. जवळ ६८ डॉलर आणि हत्यारे, एवढेच भांडवल. वडील लोहार, त्यामुळे गाडे बांधण्याचे कसब घरातलेच होते. त्या काळात हजारो कुटुंबे संसार गाड्यात घालून पश्चिमेकडे निघाली होती. मजबूत गाड्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते.

४/
तिसरा भाऊ जॉन मोहलर १८५३ मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेला. तिथे प्लेसरव्हिल या खाणवस्तीत त्याने सोने खणण्यापेक्षा खाणमजुरांसाठी एकचाकी हातगाड्या बनवणे पसंत केले. १८५८ मध्ये तो सुमारे ८,००० डॉलर घेऊन परतला आणि त्याने हेन्रीचा हिस्सा विकत घेतला. हेन्री शांततावादी ख्रिस्ती पंथाचा. सैन्यासाठी गाडे बांधणे त्याच्या मनाला पटत नव्हते. धंदा मात्र सैन्याच्याच मागण्यांवर वाढला. यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेचे सामान स्टुडबेकरच्या गाड्यांतून वाहिले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कंपनी जगातील सर्वांत मोठ्या गाडे-उत्पादकांत गणली जात होती.

५/
आता पहिली बोधकथा तपासू : ‘बदलली नाही.’ अमेरिकेत घोडागाड्या बनवणारे कारखाने शेकड्यांनी होते. मोटारयुगात त्यांतील बहुतेक नामशेष झाले. स्टुडबेकरने १९०२ मध्येच विजेवर चालणारी मोटार विकायला काढली, १९०४ मध्ये पेट्रोलची. १९११ मध्ये डेट्रॉइटची ई.एम.एफ. ही मोटार कंपनी पोटात घेऊन स्टुडबेकर कॉर्पोरेशन उभी राहिली. घोडागाडीपासून मोटारीपर्यंतचा पूर्ण प्रवास यशस्वीपणे करणाऱ्या मोठ्या कंपन्यांत तिचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते. बदलण्याच्या कसोटीवर तिला नापास करणाऱ्याने तिच्या इतिहासाची पहिली साठ वर्षे वाचलेलीच नसतात.

६/
मग गाडे अडले कुठे? पहिला गंभीर अपघात महामंदीत झाला. १९१५ पासून अल्बर्ट अर्स्किन कंपनीचे अध्यक्ष होते. मंदी लवकरच ओसरेल या भरवशावर त्यांनी १९३० आणि १९३१ मध्ये भागधारकांना भरघोस लाभांश वाटला. कमाई तेवढी नव्हती; पैसा गंगाजळीतून गेला. महागड्या पिअर्स-ॲरो कंपनीची खरेदी १९२८ मध्येच झाली होती. मंदी ओसरली नाही. मार्च १९३३ मध्ये कंपनी न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये अर्स्किन यांनी आत्महत्या केली.

७/
या प्रसंगाकडे बहुधा एका माणसाची शोकांतिका म्हणून पाहिले जाते. ती होतीच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्रम लक्षात ठेवावा. अडचण दिसू लागली, तेव्हा आधी भागधारकांचे समाधान झाले आणि नंतर राखीव निधीचा तळ दिसला. त्या वेळी कामगारांची संघटना बळकट नव्हती. साउथ बेंडच्या युनियनला मान्यता मिळाली ती १९३७ मध्ये. म्हणजे कंपनी पहिल्यांदा बुडाली तेव्हा दोष द्यायला युनियन हाताशीच नव्हती.

८/
पॉल हॉफमन आणि हॅरोल्ड व्हान्स या दोघांनी कंपनी सावरली. १९३५ मध्ये ती रिसीव्हरच्या ताब्यातून बाहेर आली. १९३९ मध्ये ‘चॅम्पियन’ ही हलकी, कमी पेट्रोल खाणारी मोटार आली आणि चालली. मग दुसरे महायुद्ध आले. यू.एस. ६ या नमुन्याचे सुमारे दोन लाख ट्रक तयार झाले आणि त्यांतील बहुसंख्य सोव्हिएत संघाला गेले. सोव्हिएत फौजेचे कात्युशा अग्निबाण ज्या ट्रकांवरून सुटत, त्यांत हे ट्रक मोठ्या संख्येने होते. बी-१७ बॉम्बफेकी विमानांची इंजिनेही साउथ बेंडला बनत होती.

९/
याच काळातील कंपनीच्या जाहिराती पाहण्यासारख्या आहेत. एकाच कारखान्यात काम करणारे बाप आणि लेक शेजारी उभे, आणि खाली मजकूर असा की पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब या मोटारीत उतरले आहे. डेट्रॉइटच्या राक्षसी कारखान्यांहून आपण वेगळे, आपण कुटुंब, असा तो दावा होता. तो सर्वस्वी खोटाही नव्हता. साउथ बेंडमध्ये एकाच घरातील दोन-तीन पिढ्या खरोखरच तिथे कामाला होत्या. कामगारांच्या निष्ठेचा माल म्हणून वापर झाला, हेही तितकेच खरे. दोन दशकांनंतर हिशेब झाला तेव्हा या ‘कुटुंबा’तील नात्यांची खरी किंमत कळली.

१०/
युद्ध संपले आणि मोटारींना तोटा नाही असा बाजार उघडला. जुन्या बड्या कंपन्या युद्धापूर्वीचेच नमुने विकत असताना स्टुडबेकरने १९४७ सालासाठी पूर्णपणे नवी मोटार आणली. तिच्या रूपामागे रेमंड लोवी यांचा चमू आणि व्हर्जिल एक्सनर होते. १९५० मध्ये कंपनीने तीन लाखांहून अधिक वाहने बनवली. इतकी पूर्वी कधीच बनली नव्हती. भारतातही त्या काळात हिंदुस्तान मोटर्स स्टुडबेकरच्या गाड्या जोडून विकत होती. ‘न बदलणारी कंपनी’ ती हीच.

११/
दुसरी बोधकथा : ‘युनियनने खाल्ले.’ युद्धोत्तर वर्षांत स्टुडबेकरमधील वेतन डेट्रॉइटहून चढे होते आणि कामाच्या नियमांवर युनियनची पकड घट्ट होती, हे खरे. मोटारीचा उत्पादनखर्च त्यामुळे वाढला, हेही खरे. पण तो करार एकट्या युनियनने केला नव्हता. माल हातोहात खपत असताना संप परवडणार नाही, शांतता विकत घ्यावी, असा व्यवस्थापनाचा हिशेब होता. करारावर दोन सह्या असतात. बोधकथेत मात्र एकच उरते.

१२/
त्याच भरभराटीच्या वर्षांत दुसराही एक निर्णय होत होता. लाभांश उदारपणे वाटला जात होता आणि कारखाना जुनाच राहिला. साउथ बेंडच्या बहुमजली, जुनाट इमारतींत माल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर चढवत-उतरवत मोटार बांधली जाई. प्रतिस्पर्धी एकमजली, सलग, यांत्रिक कारखाने उभारत होते. नव्या यंत्रसामग्रीत पैसा घालण्याची संधी १९४६ ते १९५२ या वर्षांत होती. ती हुकली. वेतनाचा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. न झालेल्या गुंतवणुकीला आकडा नसतो, म्हणून ती कोणाच्याच बोधकथेत येत नाही.

१३/
१९५३-५४ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्यात विक्रीचे युद्ध पेटले. विक्रेत्यांच्या माथी मोटारी मारल्या गेल्या, सवलतींचा पाऊस पडला. दोन हत्तींच्या झुंजीत लहान कंपन्या तुडवल्या गेल्या. स्टुडबेकरचे १९५४ मधील मोटार-उत्पादन एक लाखाच्या खाली आले. तिसऱ्या बोधकथेतील तथ्य इथे मान्य केलेच पाहिजे : बाजार लहान कंपनीला अनुकूल नव्हता. पण पाठीशी आधुनिक कारखाना असता तर हा तडाखा किती बसला असता, हा प्रश्न शौकीन मंडळी विचारत नाहीत.

१४/
त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक घटना घडली आणि ‘युनियनने खाल्ले’ म्हणणाऱ्यांना ती गैरसोयीची आहे. कंपनीने वेतनकपात मागितली. कामगारांनी आधी नकार दिला. मग पुन्हा मतदान झाले आणि मोठ्या बहुमताने त्यांनी स्वतःचे वेतन कमी करून घेतले. कंपनी वाचावी म्हणून. लाभांश घेऊन बसलेल्या कोणा भागधारकाने तो परत केल्याची नोंद मात्र नाही. तसे करायला कायदा सांगत नाही, हे उत्तर बरोबर आहे; पुढे तेच उत्तर निवृत्तिवेतनाच्या बाबतीतही मिळणार होते.

१५/
ऑक्टोबर १९५४ मध्ये डेट्रॉइटची पॅकार्ड आणि स्टुडबेकर एकत्र आल्या. कागदोपत्री पॅकार्डने स्टुडबेकर घेतली. व्यवहार झाल्यावर हिशेब नीट तपासले, तेव्हा पॅकार्डच्या मंडळींना कळले की स्टुडबेकरला नुसती तोंडमिळवणी करायलाही वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार मोटारी विकाव्या लागतील. लग्न लागल्यावर कर्जाची वही सापडावी, तशातला प्रकार. १९५६ मध्ये एकत्रित कंपनीचा तोटा चार कोटी डॉलरांवर गेला आणि पॅकार्डचा डेट्रॉइटमधील कारखाना बंद झाला. १९५८ नंतर पॅकार्ड हे नावही मोटारींवरून गेले.

१६/
यापुढचा भाग बोधकथांत जवळपास कधीच येत नाही, म्हणून तो सावकाश वाचावा. अमेरिकी करकायद्यानुसार मागील तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो; तितक्या नफ्यावर कर लागत नाही. स्टुडबेकर-पॅकार्डच्या वहीत तोट्याचा डोंगर होता. म्हणजे मोटारींत गेलेला पैसा हीच एक वेगळ्या प्रकारची मालमत्ता झाली. नफ्यातील इतर कंपन्या विकत घ्याव्यात आणि त्यांचा नफा या तोट्याच्या आड करमुक्त करावा, असे धोरण १९५८ च्या सुमारास आखले गेले.

१७/
१९५९ मध्ये ‘लार्क’ ही आटोपशीर मोटार आली. बड्या तीन कंपन्यांकडे तेव्हा तशी गाडी नव्हती. लार्क उचलली गेली आणि कंपनीला त्या वर्षी २ कोटी ८० लाख डॉलरांहून अधिक नफा झाला. आता हा पैसा कुठे जावा? नवे नमुने आणि नवी यंत्रे हे एक उत्तर होते. ग्रेव्हली ट्रॅक्टर, ओनन विद्युतजनित्रे, एस.टी.पी. हे इंजिनतेलात घालण्याचे रसायन, शीतपेट्या, इतकेच काय, एक विमानकंपनी : पुढील तीन वर्षांत खरेदीची यादी ही अशी वाढत गेली. १९६० साली बड्या तिघांनी आपापल्या लहान मोटारी बाजारात आणल्या आणि लार्कची मागणी ओसरली. तोवर संचालक मंडळातील अनेकांचे मन मोटारींतून उठले होते.

१८/
फेब्रुवारी १९६१ मध्ये शेरवुड एग्बर्ट अध्यक्ष झाले. मोटारधंद्यावर त्यांचा जीव होता. त्यांनी लोवी यांच्याकडून ‘अवंती’ आरेखित करून घेतली. आजही ती पाहताना साठ वर्षांपूर्वीची वाटत नाही. पण तिचा काचतंतूचा सांगाडा बाहेरून यायचा. तो नीट बसेना, मोटारी वेळेवर मिळेनात. साउथ बेंडमध्ये पाच हजारही अवंती बनल्या नाहीत. एग्बर्ट कर्करोगाने आजारी पडले आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये पायउतार झाले. त्यांच्या जागी बायर्स बर्लिंगेम आले आणि काही आठवड्यांतच कारखाना बंद करण्याची घोषणा झाली.

१९/
अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येला तेव्हा अवघे सतरा दिवस झाले होते. देशाचे लक्ष दुसरीकडे होते. २० डिसेंबर १९६३ रोजी साउथ बेंडमधून शेवटची मोटार बाहेर पडली. नाताळच्या तोंडावर सुमारे सात हजार माणसे बेकार झाली. कॅनडातील हॅमिल्टनचा लहान कारखाना मार्च १९६६ पर्यंत चालला. साउथ बेंडमधील इंजिने बंद झाल्यामुळे तिथल्या स्टुडबेकरमध्ये शेवटी जनरल मोटर्सच्या कॅनडातील शाखेची इंजिने बसत होती.

२०/
आता मूळ मुद्दा : निवृत्तिवेतन. १९५० मध्ये कंपनी आणि युनायटेड ऑटो वर्कर्स ही संघटना यांच्यात त्याचा करार झाला. भारतीय वाचकाला परिचित असलेल्या भविष्यनिर्वाह निधीत प्रत्येकाच्या नावावर वेगळी रक्कम साठते. इथे तसे नव्हते. एक सामाईक निधी, आणि सेवेच्या वर्षांनुसार दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे वचन. १९५० पूर्वीची सेवाही धरली गेली. पण त्या मागील सेवेपोटी लागणारा पैसा कंपनी एकदम भरणार नव्हती. तीस वर्षांत हळूहळू भरणार होती. वचन पहिल्याच दिवशी पूर्ण दिले गेले. पैसा यायचा होता.

२१/
करारात आणखी एक कलम होते. निवृत्तिवेतन निधीत जेवढी रक्कम असेल तेवढ्यातूनच दिले जाईल. निधी अपुरा पडला तर कंपनी स्वतःच्या मालमत्तेतून देणे लागत नाही. बाप-लेकांचे छायाचित्र छापणाऱ्या जाहिरातीत हे कलम अर्थातच नव्हते. पुढील दहा वर्षांत निवृत्तिवेतनाचे दर अनेकदा वाढवले गेले. वेतनवाढ द्यायला रोकड लागते, वचनवाढीला तूर्त फारशी लागत नाही. व्यवस्थापनाला ते सोयीचे होते, आणि मिळवलेल्या वाढीचा जमाखर्च सभासदांपुढे ठेवणाऱ्या युनियनलाही.

२२/
१९६४ मध्ये योजना गुंडाळली गेली तेव्हाचा हिशेब असा :

• निवृत्त झालेले आणि साठी गाठलेले पात्र कामगार, सुमारे ३,६०० : पूर्ण निवृत्तिवेतन.
• ४० ते ५९ वयाचे आणि किमान दहा वर्षे सेवा झालेले, सुमारे ४,००० : हक्काच्या रकमेपैकी डॉलरमागे १५ सेंट, एकरकमी.
• उरलेले, सुमारे २,९०० : काहीही नाही.

२३/
मधल्या गटाचे सरासरी वय ५२ होते आणि सरासरी सेवा २३ वर्षे. म्हणजे साधारण १९४० च्या आसपास कामाला लागलेला, युद्धात ट्रक आणि विमानांची इंजिने बनवलेला, १९५४ मध्ये स्वतःच्या वेतनकपातीच्या प्रश्नावर मत दिलेला माणूस. ५२ व्या वर्षी दुसरा मोटार कारखाना त्याला घेणार नव्हता. ५९ वर्षे ११ महिने वय असलेल्याला १५ टक्के आणि ६० पूर्ण केलेल्याला शंभर टक्के. ही वाटणी कोणत्याही आर्थिक नियमाने ठरवली नव्हती. ती करारातील अग्रक्रमाच्या यादीने ठरवली होती आणि ती यादी माणसांनी लिहिली होती.

२४/
आणि कंपनी? मोटारींचा तोटा थांबल्यावर ती लवकरच नफ्यात आली. एस.टी.पी., ओनन, ग्रेव्हली चालू होत्याच. १९६७ मध्ये वर्थिंग्टन या यंत्रोत्पादक कंपनीशी विलीनीकरण होऊन स्टुडबेकर-वर्थिंग्टन उभी राहिली. स्टुडबेकर हे नाव समभागांवर पुढेही राहिले. निवृत्तिवेतनाचे देणे बुडवणारी संस्था आणि नफा कमावणारी संस्था एकच होती. ‘स्टुडबेकर मेली’ या दोन शब्दांत हे सामावत नाही.

२५/
यावर प्रतिवाद असा केला जातो : मोटारविभाग चालू ठेवला असता तर सगळीच कंपनी बुडाली असती आणि कोणालाच काही मिळाले नसते. कारखाना बंद करण्याच्या निर्णयापुरते हे म्हणणे मान्य करता येईल. पण वाद त्या निर्णयाचा नाही. वाद त्या निर्णयाची किंमत कोणी चुकवली याचा आहे. वाचलेल्या कंपनीच्या पुढील नफ्यातून जुने देणे हप्त्याहप्त्याने फेडता आले असते. पण तसे बंधन कंपनीवर नव्हते आणि ज्याचे बंधन नाही ते करायला ती पुढे आली नाही.

२६/
युनियनलाही निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. निधी अपुरा आहे आणि कारखाना अडचणीत आहे, हे तिच्या तज्ज्ञांना ठाऊक होते. तरीही नव्या वाढीव वचनांवर सह्या झाल्या. परंतु निवृत्तिवेतनांना विम्यासारखे संरक्षण हवे, ही कल्पना याच संघटनेच्या तज्ज्ञांनी कारखाना बंद पडण्याआधीच मांडली होती, हेही नोंदवले पाहिजे. १९६४ मध्ये इंडियानाचे सिनेटर व्हान्स हार्टके यांनी तशा आशयाचे विधेयक मांडले. पुढे न्यूयॉर्कचे सिनेटर जेकब जॅविट्स यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. मालकवर्गाचा विरोध मोडून काढायला दशक गेले.

२७/
२ सप्टेंबर १९७४ रोजी, अमेरिकी कामगारदिनी, अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ‘एरिसा’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. ठरावीक सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क हिरावता येणार नाही. निधीत पुरेसा पैसा भरलाच पाहिजे. आणि योजना कोसळली तर सरकारी विमा महामंडळ ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई देईल. कायद्याच्या चर्चेत स्टुडबेकरचा दाखला पुन्हा पुन्हा दिला गेला. साउथ बेंडच्या त्या चार हजारांना मात्र या कायद्याने काही दिले नाही. तो मागील देण्यांना लागू नव्हता.

२८/
कायद्याची दुसरी बाजूही आहे. वचन पाळण्याची सक्ती आल्यावर अनेक मालकांनी वचन देणेच कमी केले. १९७८ च्या करकायद्यातील एका कलमातून पुढे ‘४०१ (के)’ योजना रुजली. तिच्यात कामगाराच्या नावे खाते असते आणि बाजाराची जोखीमही त्याच्याच माथी असते. म्हणून एरिसाला सुखान्त म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ज्यांना वचन दिले गेले होते त्यांच्यापुरते तरी ते अर्ध्यावर मोडणे कठीण झाले, एवढे निश्चित.

२९/
बोधकथांवरील आक्षेप आता स्पष्ट व्हावा. ‘बदला नाहीतर मराल’ या सूत्रात कंपनी म्हणजे एकच देह, असे गृहीत असते : ती जगली तर सारे जगले, मेली तर सारे मेले. स्टुडबेकरच्या इतिहासात भागधारक, व्यवस्थापक, साठीतले कामगार, पन्नाशीतले कामगार आणि चाळिशीआतले कामगार यांच्या वाट्याला पाच वेगळे शेवट आले. त्यांना एकाच ‘मृत्यू’त कोंबणारी गोष्ट इतिहास सांगत नाही, ती हिशेब झाकते.

३०/
पुढच्या वेळी अशी बोधकथा समोर आली की तीन प्रश्न विचारावेत. शेवटच्या चांगल्या वर्षांतील नफा कोठे गेला? कोणाची देणी लेखी हमीची होती आणि कोणाची नुसत्या भरवशाची? कुलूप लागल्यानंतर दहा वर्षांनी कोण कोठे होते? साउथ बेंडच्या स्टुडबेकर संग्रहालयात लिंकन यांची घोडागाडी आहे, अवंती आहे, लार्क आहे; पाहणारे हळहळतात आणि हळहळावे अशाच त्या गाड्या आहेत. पण हळहळीतला थोडा वाटा तेवीस वर्षांच्या सेवेपोटी डॉलरमागे १५ सेंट घेऊन घरी गेलेल्यांसाठीही राखून ठेवावा. (धागा समाप्त)